काशीत जपलेला सापेक्षतावाद

१/ जयंत नारळीकर हे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर यांच्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी सापेक्षतावादाकडे पाठ फिरवली होती, त्या काळात या गणिताच्या प्राध्यापकाने काशीत त्याची परंपरा उभी केली.

२/ जन्म २६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांना आर्थर एडिंग्टन यांचा सहवास लाभला. ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो, हे १९१९ च्या खग्रास ग्रहणातील निरीक्षणांवरून दाखवणारे ते हेच.

३/ १९३२ साली नारळीकरांना केंब्रिजचे रॅले पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. वय अवघे चोवीस.

४/ काळ अनुकूल नव्हता. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची समीकरणे अत्यंत किचकट, पडताळ्याचे प्रयोग मोजके. तरुण संशोधकांना पुंजयांत्रिकी आणि अणुकेंद्र खुणावत होते. सापेक्षतावाद तगला तो बव्हंशी गणित विभागांच्या आश्रयाने.

५/ १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे तरुण गुजराती गणितज्ञ पत्नी आणि तान्ह्या मुलीसह काशीत आले. नोकरी नव्हती. साठवलेल्या पैशांवर सुमारे दहा महिने गुजराण करत त्यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले.

६/ प्रश्न मूलभूत होता. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली मांडलेली उकल प्रकाश न देणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे वर्णन करते. खरा तारा मात्र सतत प्रारण उत्सर्जित करतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा ताऱ्याभोवतीच्या अवकाश-कालाचे स्वरूप काय? वैद्यांनी १९४३ साली त्याची अचूक उकल प्रसिद्ध केली. तीच ‘वैद्य मेट्रिक’.

७/ के. आर. करमरकर यांच्यासमवेत नारळीकरांनी अवकाश-कालाच्या वक्रतेवर संशोधन केले. सहनिर्देशक बदलले तरी ज्या राशी बदलत नाहीत, त्यांचा हा अभ्यास होता. १९५७ साली जयंतही याच विद्यापीठाचे पदवीधर होऊन केंब्रिजला गेले.

८/ १९६० साली नारळीकरांनी काशी सोडली. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषवून ते १९६६ मध्ये पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक झाले. १९९१ साली त्यांचे निधन झाले.

९/ दरम्यान १९६३ साली क्वेसारची ओळख पटली. एवढी प्रचंड ऊर्जा येते कोठून, हे सांगण्यासाठी गुरुत्वाकर्षणाकडे वळणे भाग पडले आणि सापेक्षतावाद पुन्हा भौतिकशास्त्राच्या अग्रभागी आला. वीस वर्षांपूर्वीची वैद्यांची उकल आता कोसळणाऱ्या ताऱ्यांसाठी आणि पुढे बाष्पीभवन होणाऱ्या कृष्णविवरांसाठी उपयोगी पडू लागली. तिच्यावर नाव शिष्याचे आहे; तो प्रश्न हाताळण्याची तयारी मात्र नारळीकरांच्या विभागात झाली होती.

(समाप्त)