ऑफिसचा जुना पीसी गेमिंगसाठी अपग्रेड करायचाय? आधी एसएमपीएस बघा, मग ग्राफिक्स कार्ड

मोठ्या कंपन्या ऑफिसातले कम्प्युटर काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. निघालेला माल रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत दुकानांत रचलेला दिसतो. काळी, चौकोनी, डेल, एचपी किंवा लेनोवोची पेटी. अभ्यासासाठी म्हणून ती घरी येते आणि महिन्याभरात घरातला मुलगा किंवा मुलगी विचारते, "यात ग्राफिक्स कार्ड टाकलं तर व्हॅलोरंट चालेल का?"

उत्तर बहुतेक वेळा "हो, पण" असं असतं. त्या "पण"कडे लक्ष दिलं नाही तर कार्ड विकत आणल्यावर कळतं की ते पेटीत बसत नाही, बसलं तर त्याला वीज पुरत नाही, आणि वीज पुरली तरी हवा तो गेम सुरूच होत नाही.

उदाहरणासाठी डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० घेऊ. २०१३ मध्ये आलेलं हे मॉडेल सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतं. त्यात इंटेलचे चौथ्या पिढीचे, म्हणजे हॅसवेल प्रोसेसर येतात. बऱ्याच मशीनमध्ये आय५-४५९०, काहींत आय७-४७९०. रॅम डीडीआर३. ग्राफिक्स प्रोसेसरमधलेच, इंटेल एचडी ४६००. एचपी एलिटडेस्क ८०० जी१ आणि लेनोवो थिंकसेंटर एम९३पी ही याच पिढीतली भावंडं, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

पेटी कोणत्या मापाची आहे?

९०२० एकाच नावाने वेगवेगळ्या मापांत विकला गेला. मिनी टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसतं. स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे आडवा ठेवता येणारा चपटा डबा, यात फक्त लो प्रोफाइल कार्ड चालतं. त्याची उंची कमी असते आणि मागची पट्टीही आखूड असते. अल्ट्रा स्मॉल आणि मायक्रो या मापांत ग्राफिक्स कार्डाचा मोठा स्लॉटच नाही. ती पेटी हाती असेल तर कार्डाचा विषय तिथेच संपतो.

अजून पीसी घेतलाच नसेल तर टॉवरच शोधावा. चपटा डबा टेबलावर छान दिसतो, पण त्याच्यासाठीचं लो प्रोफाइल कार्ड शोधावं लागतं आणि त्याच चिपच्या साध्या कार्डापेक्षा ते बहुतेकदा महाग पडतं. टॉवर असला तरी लांबी मोजायची असते, कारण पुढच्या बाजूला हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. मेजरिंग टेप घेऊन स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मोजावं आणि कार्डाच्या पानावर दिलेल्या मिलिमीटरशी ताडून बघावं.

खरी अडचण: एसएमपीएस

असेंबल्ड पीसी आणि कंपनीचा पीसी यांतला सगळ्यात मोठा फरक विजेच्या डब्यात असतो. ९०२० च्या मिनी टॉवरमधला एसएमपीएस २९० वॅटचा आहे आणि चपट्या मॉडेलमधला २५५ वॅटचा. हे आकडे ऑफिसच्या कामाला भरपूर आहेत. गेमिंगला ते अपुरे वाटतात, आणि साहजिकच दुकानदार सुचवतो की ५०० वॅटचा एसएमपीएस टाकून घ्या.

इथे घोळ होतो. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या एटीएक्स एसएमपीएसचा मदरबोर्डकडे जाणारा मुख्य कनेक्टर २४ पिनांचा असतो. ९०२० च्या मदरबोर्डवर तिथे ८ पिनांचा, डेलचा स्वतःचा कनेक्टर आहे. एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये ६ पिनांचा, तर थिंकसेंटर एम९३पी मध्ये १४ पिनांचा. म्हणजे नवा एसएमपीएस थेट लागत नाही. २४ पिनांवरून ८ पिनांवर आणणारं अॅडॅप्टर ऑनलाइन मिळतं आणि ते चालतंही, पण ते नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनवलेलं असावं लागतं. डेलसाठीचं अॅडॅप्टर एचपीच्या बोर्डावर लावण्याचा प्रयोग करू नये. कंपन्यांनी पिनांची मांडणी आपापल्या सोयीने केली आहे, आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले तर मदरबोर्ड संपतो. याच डेलचा एक वर्ष जुना ऑप्टिप्लेक्स ७०१० मिनी टॉवर मात्र नेहमीचा २४ पिनी कनेक्टर वापरतो. त्यामुळे नाव किंवा कंपनीवरून अंदाज न बांधता झाकण उघडून पिना मोजणं उत्तम.

दुसरा मार्ग सोपा आणि बहुतेकांसाठी बरा: एसएमपीएसला हात न लावता त्यात भागेल असं कार्ड घ्यायचं. पीसीआय एक्स्प्रेसचा मोठा स्लॉट प्रमाणानुसार जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. जे कार्ड या ७५ वॅटमध्ये चालतं त्याला वेगळी वायर लागत नाही. आय५-४५९० ची कमाल उष्णता मर्यादा ८४ वॅटची आहे. प्रोसेसर, ७५ वॅटचं कार्ड, डिस्क, पंखे सगळं धरलं तरी २९० वॅटमध्ये हिशेब बसतो. चपट्या मॉडेलांत एक गोष्ट तपासावी लागते. काही कंपन्यांनी छोट्या पेट्यांत स्लॉटला ७५ वॅटपेक्षा कमी मर्यादा ठेवली आहे, आणि ती मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते.

तिसरा मार्ग वापरूच नये. कार्डाला ६ पिनी वायर हवी आहे आणि एसएमपीएसमध्ये ती नाही, म्हणून हार्ड डिस्कच्या साटा पॉवर वायरवरून ६ पिनी बनवणारा स्वस्त जोड लावला जातो. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर साधारण ५४ वॅटपर्यंतच भार सोसण्यासाठी बनलेला आहे, तर ६ पिनी जोडणीतून ७५ वॅट मागितले जाऊ शकतात. असे जोड वितळल्याचे फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरतात ते याच कारणामुळे.

मग कार्ड कोणतं?

वायरीशिवाय चालणाऱ्या कार्डांची यादी फार मोठी नाही.

जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चं कार्ड अशा पीसींचं वर्षानुवर्षं लाडकं राहिलं. आता ते घेताना विचार करावा, कारण त्याच्या पास्कल पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, म्हणजे कार्ड बंद पडणार नाही. पण त्यासाठी आज चांगले पैसे मोजण्यात अर्थ नाही.

२०१९ चं जीटीएक्स १६५० पुढच्या पिढीचं आहे, ४ जीबी मेमरीचं आणि ७५ वॅटचं. फुल एचडीवर सेटिंग थोडी उतरवून बरेच गेम ते नीट चालवतं. घेताना एवढंच बघायचं की त्याच्या काही आवृत्त्यांना ६ पिनी वायर लागते, काहींना नाही. खोक्यावरचं नाव एकच असतं.

आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. ७० वॅट, वायर नको, आणि लो प्रोफाइलमध्येही मिळते. बजेट असेल तर आज या गटात हीच निवड सरस. ८ जीबीची आरटीएक्स ३०५० वेगळी आहे. तिला वायर लागते, म्हणून ऑर्डर करताना आकडा दोनदा वाचावा.

एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, म्हणून मोह होतो. पण ते स्लॉटच्या फक्त ४ लेन वापरतं आणि पीसीआय एक्स्प्रेस ४.० गृहीत धरून बनवलेलं आहे. ९०२० मध्ये ३.० आहे. त्यामुळे कार्डाला डेटा मिळण्याचा रस्ता निम्मा होतो, आणि मेमरी भरली की गेम अडखळतो. इंटेलच्या आर्क ए३८० ला रिसाइझेबल बार नावाची सोय लागते, जी इतक्या जुन्या बोर्डावर नसते. ती नसेल तर कार्डाची ताकद बरीच वाया जाते.

सेकंडहँड कार्ड घेताना आणखी एक फसवणूक ध्यानात ठेवावी. फार जुन्या चिपचं सॉफ्टवेअर बदलून ते "१०५० टीआय" म्हणून विकलं जातं, आणि विंडोजही तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं ओळखून नावाआधी "फेक" असं लिहितं. दुकानातच ते चालवून बघायचा आग्रह धरावा.

मॉनिटरची पिन

ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कार्ड आणल्यावर संध्याकाळ हिच्यात जाते. घरचा जुना मॉनिटर निळ्या व्हीजीए पिनचा असतो. नव्या कार्डांवर फक्त एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट किंवा डीव्हीआय-डी असतं, ज्यांतून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल निघत नाही. साधी वायर चालत नाही, आतल्या चिपसह सिग्नल बदलणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. आणि मॉनिटर कार्डालाच जोडायचा. मदरबोर्डच्या पोर्टला तो तसाच राहिला तर गेम जुन्या एचडी ४६०० वरच चालण्याची शक्यता असते, आणि "कार्ड टाकूनही फरक नाही" अशी तक्रार सुरू होते.

रॅम आणि एसएसडी

इथे फार डोकं चालवायची गरज नाही. रॅम ८ जीबी असेल तर १६ करावी, आणि ती दोन समान कांड्यांत असावी म्हणजे प्रोसेसर दोन वाटांनी वाचतो. डीडीआर४ ची कांडी या बोर्डात बसतच नाही. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी घातली तर वाचनाचा वेग सेकंदाला शे-दीडशे एमबीवरून पाचशेच्या आसपास जातो. त्याने एफपीएस वाढत नाहीत. गेम लवकर उघडतो आणि नवा भाग लोड होतानाचे झटके कमी होतात. ज्या घरात पीसी अभ्यासालाही वापरला जातो तिथे हा सगळ्यात जाणवणारा बदल ठरतो.

प्रोसेसर बदलावा का?

९०२० मध्ये आय५-४५९० च्या जागी आय७-४७९० बसतो. दोघांचेही ४ कोअर, पण आय७ एका वेळी ८ कामं हाताळतो. ओपन वर्ल्ड गेम, काउंटर-स्ट्राइक २ अशा ठिकाणी प्रोसेसरवर भार जास्त असतो. गरज आहे का हे ओळखायची सोपी चाचणी आहे: गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघायचं. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडत होतं. तेवढेच राहिले तर प्रोसेसर अडवतोय.

त्याआधी मात्र हीटसिंक उघडून दहा वर्षांपूर्वीची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी आणि धूळ काढावी. उन्हाळ्यात बंद खोलीत प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो. ते दुखणं आय७ टाकून जात नाही, उलट वाढतं. तारीख-वेळ सारखी चुकत असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलून टाकावा.

तिसऱ्या पिढीचा, म्हणजे आय५-३४७० वगैरे असलेला पीसी असेल तर एक भिंत लवकर येते. त्यात एव्हीएक्स२ ही सूचनांची मालिका नाही, आणि काही नवे गेम तिच्याशिवाय उघडत नाहीत. कार्ड कितीही भारी घेतलं तरी त्यावर उपाय नाही.

सगळं बसलं, पण गेम उघडेल का?

पैसे खर्च करण्याआधी हा प्रश्न विचारला जात नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. ९०२० मध्ये टीपीएम १.२ आहे. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं आणि दुकानदार ते टाकूनही देतात. मशीन चालतं, ब्राउझर चालतो. मग व्हॅलोरंट उघडायला गेलं की व्हॅन ९००१ असा एरर येतो, कारण त्याची चीटविरोधी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. बॅटलफील्ड ६ च्या अटींतही या दोन्ही गोष्टी आहेत. लिनक्स टाकून स्टीमवरचे बरेच गेम खेळता येतात, पण नेमके हे दोन तिथेही चालत नाहीत.

म्हणून ठरवायचं ते गेमवरून. जीटीए ५, जुने फिफा, मांइनक्राफ्ट, एकट्याने खेळायचे पाच-सात वर्षांपूर्वीचे गेम, यांसाठी ९०२० आणि जीटीएक्स १६५० ची जोडी आजही मजेत चालते. चीटविरोधी कुलूप असलेले नवे ऑनलाइन गेम हवे असतील तर हाच खर्च आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड टॉवरवर करावा आणि कार्ड नंतर घ्यावं.

पैसे हप्त्याहप्त्याने खर्च करायचे असतील तर क्रम असा बरा: आधी एसएसडी, मग ग्राफिक्स कार्ड. हे दोन्ही भाग उद्या नव्या पीसीत काढून लावता येतात. डीडीआर३ रॅम, आय७-४७९० आणि ८ पिनी अॅडॅप्टर मात्र या पेटीबरोबरच राहतात, त्यामुळे त्या तिन्हींवर खर्च करायचा तो सेकंडहँड भावातच.