टाकीत इंधन होते, तरीही...

२९ नोव्हेंबर २०१३ची रात्र. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ‘क्लुथा’ या मद्यालयात संगीताचा कार्यक्रम रंगला असताना पोलिसांचे हेलिकॉप्टर छतावर कोसळले. हेलिकॉप्टरमधील ३ आणि मद्यालयातील ७, अशा १० जणांनी प्राण गमावले.

अवशेषांत मुख्य टाकीमध्ये ७६ किलो इंधन शिल्लक आढळले. मग इंजिने का थांबली? ईसी१३५ प्रकारच्या या हेलिकॉप्टरमध्ये पंप मुख्य टाकीतील इंधन दोन लहान टाक्यांत आणतात आणि तेथून ते इंजिनांना मिळते. या दोन्ही पंपांची बटणे बंद होती. विहिरीत पाणी असावे, पण मोटार बंद राहिल्याने घरावरची टाकी कोरडी पडावी, तसाच हा प्रकार. आधी उजवे इंजिन थांबले. ३२ सेकंदांनी डावे.

इंधन कमी झाल्याचा इशारा त्यापूर्वी ५ वेळा मिळाला होता. अशा इशाऱ्यानंतर १० मिनिटांत उतरणे आवश्यक असते. तसे घडले नाही.

या हेलिकॉप्टरवर ब्लॅक बॉक्स बंधनकारक नव्हता, म्हणून तो नव्हताच. तपास पथकाने उपकरणांच्या स्मृतीत उरलेल्या नोंदींतून घटनाक्रम जुळवला. २०१५च्या अहवालाने काय घडले ते सांगितले. पंप बंद का राहिले, याचे उत्तर मात्र मिळाले नाही. साधने संपतात तेथे इतिहासालाही थांबावे लागते. पोलीस हेलिकॉप्टरांत नोंदयंत्रे बसवावीत, ही त्या अहवालातील शिफारस म्हणूनच मोलाची ठरते.