गाण्याचे रिंगण आणि कॅमेऱ्याचा डोळा

गाणे ही कानाने घ्यायची वस्तू, असे आपण सहज म्हणून जातो. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ते पूर्वापार डोळ्यांनीही घेतले जात आले आहे. गणपतीत अंगणात जाखडी उभी राहिली, की घरात बसून नुसती ऐकणारा कोणी आढळेल काय? मध्ये गाणारे व ढोलकी-झांज वाजवणारे, भोवती नाचणाऱ्यांचा फेर, एका पायात चाळ. आधी गण, मग गौळण, आणि पुढे शक्तीवाले व तुरेवाले यांचे सवाल-जवाब. शक्ती थोर की शिव थोर, हा वाद. तो रात्र सरली तरी मिटत नाही, आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही नसते! गिरणीत कामाला गेलेल्या कोकणी गड्यांनी हा नाच मुंबईला नेला. त्यांच्या कानांतल्या बाळ्यांवरून तिथे त्याला बाल्या नाच म्हणू लागले, असे सांगतात.

गाणे आणि त्याचे दृश्य यांची फारकत यंत्राने केली. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांची जागा. गाणे संपताच बाई आपले नाव पुकारीत. कारण साधेच होते. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला; कोणती तबकडी कोणाची, हे तिथल्या माणसाला कळायला हवे ना! यंत्राने चेहरा नेला, पण नाव राखले.

पुढे १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे पडद्यावर स्वतःच गात. चेहरा परत मिळाला. तोही फार टिकला नाही, कारण १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायन रुळले; ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा. १९७२ साली मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पडद्यावरची गाणी घरात शिरली. मग कॅसेट, मग चित्रतबकडी, २००५ साली यूट्यूब. आणि २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, तशी वाडीवाडीतली जाखडी कोणाच्याही खिशातून वाजू लागली.

हे वाईट झाले, असे मी म्हणणार नाही. चाकरमान्याला रजा मिळाली नाही, तरी गावचा नाच त्याला बोरिवलीच्या खोलीत दिसतो. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पण कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि तो समोर उभा असतो. रिंगणाला मात्र समोर असे काही नसतेच. चित्रण चालू आहे म्हटले, की नाचणारा नकळत त्या डोळ्याकडे वळतो. फेर उघडतो, त्याची रांग होते. आणि मधला शाहीर, ज्याच्याभोवती हे सारे फिरायचे, तो पाठीमागे पडतो. रंगीत पोशाख तेवढे पुढे राहतात.

दुसरे नुकसान याहून मोठे, आणि ते डोळ्याला दिसत नाही. आपले शाहीर कवनाच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात, गुरूचे व गावाचेही गुंफतात. अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून पुढे धाडला, की नेमके तेच कडवे गळते. चाल फिरते, ठेका फिरतो, लाखो लोक पाहतात, आणि खाली लिहिलेले असते: पारंपरिक गीत. ज्याने ते रचले तो गडी कदाचित संगमेश्वराच्या बाजूला लावणीच्या चिखलात उभा असेल! शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीला जे जमले, ते हातातल्या यंत्राला जमू नये?

शिक्षक मंडळींना यात करण्याजोगे पुष्कळ आहे. यंदा गौरी-गणपतीत मुले मोबाईल घेऊन उभी राहतील, तेव्हा एकाला तरी पडवीच्या कट्ट्यावर चढवा. फेर पुरा दिसतो तो उंचावरूनच. शेवटचे कडवे संपेपर्यंत चित्रण थांबवू देऊ नका. आणि नाच संपल्यावर शाहिराला दोन मिनिटे समोर बसवून त्याचे नाव, गुरूचे नाव, वाडी आणि साल त्याच्याच तोंडून बोलून घ्या.