रिसाला बाजार

मराठवाड्यातील माणसास इंग्रजी अमदानीच्या खुणा दाखव म्हटले, तर तो बहुधा पुण्या-मुंबईचा रस्ता दाखवील. त्याचे म्हणणे वरवर खोटे नाही. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत येथे अंमल निजामाचा होता. इंग्रज कलेक्टराची कचेरी या मुलखाने पाहिली नाही. तरीही मुखेडहून हिंगोलीपर्यंत मोटारीने एक दिवस जाऊन यावे, असे आम्ही पुष्कळ दिवस मनात बाळगले होते. अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक. माघातल्या एका पहाटे दशरथेश्वराच्या त्या शिल्पांनी गजबजलेल्या दगडी भिंतींना नमस्कार करून आम्ही निघालो.

गाव मागे पडून चांगले उजाडते न उजाडते तोच उजव्या हातास, हरभऱ्याच्या शेतापलीकडील पडीक रानात काळविटांचा कळप दिसला. पंधरा-वीस माद्या, आणि त्यांच्या पुढे पिळदार शिंगांचा एक नर, पाठीवर काळा व पोटाखाली शुभ्र. मोटार थांबताच एक मादी उंच उडाली, मग दुसरी, आणि पाहता पाहता सारा कळप उतारावरून दिसेनासा झाला. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास मात्र आमच्या कौतुकाचे फारसे कौतुक वाटले नाही. "बघायला लई देखणी हायती साहेब, पर हरभऱ्याला घाटा ठेवीत न्हाईत," असे तो म्हणाला. १९७२ च्या कायद्याने काळविटास संरक्षण आहे, आणि त्या संरक्षणाचा भार ज्याच्या शेतावर पडतो तो हा मनुष्य आहे, ही गोष्ट शहरातील प्राणिमित्रांच्या ध्यानी क्वचितच येते.

काळविटाचा हा वेग ज्या शत्रूमुळे घडला असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात, तो चित्ता आता या रानात नाही. राजेरजवाडे त्याला पाळून, डोळ्यांस टोपी घालून, बैलगाडीतून शिकारीस नेत. बंदुकीचा शौक वाढला तसे रानही विरळ होत गेले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे नामिबियाहून आणलेले चित्ते मध्यप्रदेशातील कुनोच्या रानात सोडले गेले, ते २०२२ च्या १७ सप्टेंबरास. आमच्या मुक्तिदिनाचीच ही तारीख असल्यामुळे ती आम्हांस विसरता येत नाही. तथापि, सत्तर वर्षे ज्याच्यामागे चित्ता धावला नाही ते काळवीट अजून तसेच धावते.

मन्याडकाठच्या कंधारचा किल्ला व त्याचा रुंद खंदक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; तेथे आम्ही थांबलो नाही. नांदेडास गोदावरी ओलांडून अर्धापूरमार्गे वारंगा फाट्यावर आलो. येथून उजवीकडचा रस्ता हदगावास जातो. त्या बाजूला हटकर नाईकांचे एक बळकट ठाणे होते. इंग्रजी दप्तरांत त्यास 'नोवा' म्हटले आहे. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याच्या फौजेने तेथे नौसाजी नाईकाच्या लोकांस वेढा घातला. आत बहुतेक अरब शिबंदी होती, आणि महिनाअखेर हल्ला झाला तेव्हा तिच्यातील बहुतेक कापले गेले. त्या पलटणींना पुढे 'नोवा' हा रणसन्मान मिळाला. अशा रीतीने हटकरांच्या पराभवाचे नाव, ज्यांनी तो केला त्यांच्याच गौरवाच्या यादीत टिकून राहिले.

ही फौज कोणाची, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे, कारण आमच्या साऱ्या प्रवासाचे मर्म त्यात आहे. नावाने ती निजामाची. हुकूम इंग्रज अंमलदारांचा. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने ती कवायती पद्धतीवर उभारली, आणि पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणून ती प्रसिद्धीस आली. पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. चंदुलालाच्या कारभारात खजिन्यास तो भार पेलेना, तेव्हा पामर कंपनीच्या पेढीने जबर व्याजाने पैसा पुरवावा व त्याच्या फेडीसाठी मुलखाचा वसूल लावून द्यावा, असा व्यवहार सुरू झाला. वसूल मक्त्याने दिला म्हणजे मक्तेदार रयतेस पिळणार, पिळलेली रयत गाव सोडणार किंवा पुंडाईस उठणार, आणि पुंडाई मोडावयास फौज हवीच! पुढला रेसिडेंट मेटकाफ याने या पेढीचे बिंग फोडले, तरी फौजेचा खर्च थांबला नाही. बाकी थकली म्हणून १८५३ च्या मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाड लावून घेतले गेले. एक प्रांत एका फौजेच्या पगारापायी गेला.

वारंग्याहून कळमनुरीच्या वाटेस लागलो, तेव्हा आम्हांस एका वेगळ्याच प्रवाशाची आठवण झाली. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानातून निघालेला एक तरुण वाघ पैनगंगेचे खोरे तुडवीत हिंगोली जिल्ह्यातून पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. कापसाच्या व तुरीच्या शेतांतून, नाल्यांच्या आडोशाने, बहुधा रात्रीच्या वेळी. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचे मुक्काम आपणांस कळले.

याच मुलखात दोनशे वर्षांपूर्वी माणसे वाटेवर नाहीशी होत, आणि कोणास कळत नसे. हिंगोली हे त्या कंटिंजंटाचे मोठे ठाणे. या फौजेत नोकरीस असलेल्या मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांवर जी कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची एक हकीकत आहे. छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता; स्वतः टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी सरकारी परवाना मागितला. माल दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा, मालकासह वाटेवर होता. त्या मालकास त्याच्या माणसांसकट ठार करून, त्याच परवान्यावर हरिसिंगाने माल छावणीत आणून उघड विकला. मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खून पडले. पुढे थडगी उकरली तेव्हा टेलर हजर होता. ठगांविषयीच्या इंग्रजी लिखाणात अतिशयोक्ती किती, याविषयी आजच्या इतिहासकारांत वाद आहे, आणि तो योग्यच आहे. पण ही हकीकत आम्हांस खरी वाटते. ती सांगणाऱ्याची तीत शोभा होत नाही, हे त्याचे एक कारण. ज्या फौजेसाठी मुलूख गहाण पडला, तिच्या पहाऱ्याशेजारी वाटसरू सुरक्षित नव्हता!

१९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणी मोडली. तिच्या घोडदळापैकी विसावे डेक्कन हॉर्स १९१६ च्या १४ जुलैस फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर घोडे फेकीत गेले. पायदळाचे वंशज १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाले. त्यांचे केंद्र आज हिमालयात, रानीखेतास आहे.

हिंगोलीत आम्ही पोचलो ते दुपारी. बंगले, बराकी शोधण्याच्या भानगडीत न पडता रस्ता विचारीत हिंडलो, आणि विचारता विचारताच छावणीचा नकाशा उलगडू लागला. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना! घोडदळ, पायदळ, तोफा, सारे आपापल्या जागी. वस्ती मात्र केव्हाच बदललेली. रिसाल्यात किराणा दुकाने, तोफखान्यात शाळेतून परतणारी मुले. अखेरीस पेन्शनपुऱ्यात एका ओट्यावर पाणी मागितले. पाणी देणाऱ्या म्हाताऱ्या बाईस आम्ही विचारले, "आजी, येथे पेन्शन कोणाची?"

ती हसली. "कोणाची नाही बाबा. नावच आहे तसं."