खेळ कोणाचा, हत्यार कोणाचे?

संगणकावरचे खेळ हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावयास घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु खेळ हीही घडविलेली वस्तू आहे. ती घडविणारा कारागीर असतो, त्याचे हत्यार असते, आणि ते हत्यार कोणाच्या मालकीचे हा जुना प्रश्न येथेही उभा राहतो. त्या प्रश्नाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

आरंभ आपल्याच तालुक्यापासून करू. नेरळला मुंबईची गाडी साडेपाच फुटी रुळांवरून येते; माथेरानची गाडी 1907 पासून दोन फुटी रुळांवरून डोंगर चढते. मापे जुळत नाहीत म्हणून उतारूला गाडी बदलावी लागते. तेथे डोंगराची वळणेच तशी आहेत. पण जेथे अशी अडचण नसते तेथेही माप निराळे ठेवण्यात मालकाचा फायदा असू शकतो. इंग्लंडात एकेकाळी कारखान्यागणिक स्क्रूचे आटे वेगळे असत. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एक माप सुचविले. खोपोलीतल्या फिटरला एका कारखान्याचे दार बंद झाले तर दुसऱ्याच्या दारात उभे राहता येते, ते मापे सर्वत्र ठरलेली असल्यामुळेच. त्याचे कसब त्याच्याबरोबर जाते.

आता महाजालाकडे वळू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत त्याचा आराखडा मांडला. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने जाहीर केले की हे तंत्र कोणीही विनामूल्य वापरावे. 1994 मध्ये महाजालाची मापे ठरविणारी डब्ल्यू थ्री सी ही संस्था निघाली, आणि 2004 मध्ये तिने नियम केला की मान्य झालेल्या मापांत सभासदाचे पेटंट असले, तरी त्यावर त्याने स्वामित्वशुल्क मागू नये. आमच्या भाषेत बोलायचे तर हा मालकामालकांतला सामुदायिक करार झाला. लाभ मात्र सर्वांना मिळाला.

महाजालाच्या पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत रचली; 1997 मध्ये तिचेही प्रमाण ठरले. तथापि पळती चित्रे आणि आवाज यांसाठी तेव्हाची पाने अपुरी होती. ती उणीव फ्लॅश या साधनाने भरून काढली. जगभरच्या हौशी तरुणांनी त्यावर अगणित खेळ केले. पण फ्लॅश एका कंपनीच्या मालकीचे होते. 2005 मध्ये ती कंपनी अडोबीने विकत घेतली. 2010 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी खुले पत्र लिहून फ्लॅशला आयफोनवर का जागा दिली नाही, ते सांगितले. त्यात सुरक्षिततेचे दोषही होतेच. जुलै 2017 मध्ये अडोबीने ते बंद करण्याची घोषणा केली, 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा पाठिंबा संपला, आणि 12 जानेवारी 2021 पासून त्या यंत्रणेने खेळ चालविण्यासच नकार दिला. नोटीस साडेतीन वर्षांची होती, हे मान्य. पुष्कळ गिरणीकामगारांना तेवढीही मिळाली नाही. पण कारागिराने घडविलेला माल त्याच्याच घरी निकामी झाला, ही गोष्ट गिरणीतही घडली नव्हती.

फ्लॅशची जागा खुल्या साधनांनी घेतली. पानावर चित्र रेखाटण्याचा कॅनव्हास 2004 मध्ये ॲपलने काढला. तो सर्वांच्या मापांत सामावला गेला आणि एचटीएमएल-5 या रूपाने 2014 मध्ये त्यास मान्यता मिळाली. त्यावर खेळ चालतो तो सिनेमासारखा. सेकंदाला साधारण साठ वेळा यंत्र विचारते, बोट कोठे लागले? मग हिशेब करते आणि चित्र पुन्हा काढते. हे सारे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येते, आणि दुसऱ्याचे पान आतून कसे रचले आहे तेही पाहता येते. ज्याला शाळा फारशी लाभली नाही, त्याला या पाहण्याची किंमत अधिक कळते.

मराठीने हा धडा स्वतंत्रपणे गिरविला आहे. पूर्वी फाँटागणिक अक्षरांचे संकेत वेगळे असत. एका यंत्रावर जुळविलेला मजकूर दुसऱ्यावर अक्षरांचा कचरा होऊन उमटे. 1991 मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. हे माप रुजले म्हणूनच आज कोणत्याही फोनवर मराठी वाचता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या उपक्रमात विज्ञानाचे खेळवजा प्रयोग आहेत. त्यांतले जुने प्रयोग जावा आणि फ्लॅशमध्ये होते. ते एचटीएमएल-5 मध्ये नव्याने घडवावे लागले. त्यांतले कित्येक आज मराठीतून करून पाहता येतात.

खुले हत्यार म्हणजे पोटाचा प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. महाजालाची पाने दाखविणारी ब्राउझर यंत्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. फोनवरच्या ॲपच्या दुकानांनी विक्रीवर शेकडा 30 पर्यंत दलाली घेतली आहे. महाजालावर खेळ मांडण्यास त्या दुकानाची परवानगी लागत नाही. परंतु गिऱ्हाईक मिळविणे आणि दाम वसूल करणे हे काम उरतेच. ते एकट्यादुकट्याचे नाही, संघटनेचे आहे.

तरीही कर्जत-खालापूरच्या मुलांना काही शिकवावयाचे असेल, तर खुल्या मापांवरचे शिकवावे. ठाकूरवाडीतल्या, कातकरीवाडीतल्या मुलाच्या हाती येतो तो घरातला साधा फोन. एकदा साठविले की रेंज नसतानाही चालेल असे पान खुल्या साधनांनी करता येते. पाढ्यांचा एखादा खेळ आपल्या वाचनालयात बसून कोणी मुलीने रचला, तर उद्या एखादी कंपनी बुडाली किंवा तिचा विचार फिरला म्हणून तिची विद्या बुडता कामा नये. फिटरच्या पान्याला जे अभय आहे, ते तिच्याही हत्याराला असावे, एवढेच माझे मागणे आहे.