स्केअरक्रो (डॉ. जोनाथन क्रेन)

क्रिस्टोफर नोलनच्या बॅटमॅन चित्रत्रयीतील खलनायक. बिल फिंगर व बॉब केन यांनी हे पात्र १९४१ मध्ये कॉमिक्ससाठी निर्माण केले. तेथे क्रेन मानसशास्त्राचा प्राध्यापक आहे; ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (२००५) तो अर्कम मनोरुग्णालयाचा प्रमुख होतो आणि अधिक भयंकर ठरतो.

कारण त्याचे खरे शस्त्र वैद्यकीय अधिकार आहे. माफिया फाल्कोनीच्या गुंडांना न्यायालयात वेडे ठरवून तो तुरुंगातून सोडवतो. बदल्यात फाल्कोनी त्याच्यासाठी एका निळ्या फुलापासून मिळणारे भयकारी द्रव्य शहरात आणतो. गोणपाटाचा मुखवटा चढवून क्रेन ते रुग्णांवरच फवारतो. श्वासातून आत गेले की ज्याची त्याची भीती डोळ्यांपुढे साकार होते. बॅटमॅन तेच द्रव्य त्याला हुंगायला लावतो, तो प्रसंग चित्रपटातील सर्वोत्तमांपैकी एक.

भूमिका आयरिश अभिनेता किलियन मर्फीची. त्याने आधी बॅटमॅनसाठी चाचणी दिली होती. चढा आवाज न लावता, केवळ थंड नजरेने त्याने हा डॉक्टर उभा केला.

‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) क्रेन सुरुवातीलाच पकडला जातो. ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये (२०१२) तो बंडखोरांच्या न्यायालयात न्यायाधीश बनून मृत्यू किंवा हद्दपारी सुनावतो, हद्दपारी म्हणजे गोठलेल्या नदीवरून चालत जाणे.