खिशांतला धनी आणि मेजावरचा सोबती

फोनवर आलेला संदेश त्याच क्षणीं मेजावरील संगणकाच्या पडद्यावर उमटतो, ह्याचें आतां शहरांतल्या घरांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ह्या दोन यंत्रांची मैत्री एका दिवसांत जमलेली नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळाच्या त्यांच्या इतिहासांत एकच प्रश्न वारंवार उभा राहिलेला दिसतो: दोहोंपैकीं धनी कोण आणि सोबती कोण?

आरंभ मोठा मौजेचा आहे. फोनवर पोहोंचलेला पहिला लघुसंदेश फोनवरून निघालाच नव्हता. तो संगणकावरून निघाला होता. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ ह्या २२ वर्षांच्या अभियंत्यानें संगणकावर नाताळच्या शुभेच्छेचे दोन शब्द टंकिले आणि व्होडाफोन कंपनीचे रिचर्ड जार्व्हिस ह्यांच्या फोनवर पाठविले. जार्व्हिस तेव्हां नाताळच्या मेजवानींत होते. त्यांच्या फोनवर संदेश लिहिण्याची सोय नसल्यामुळें उलट उत्तर गेलें नाहीं. लिहील तो संगणक आणि नुसता वाचून दाखवील तो फोन, अशी त्या काळची वांटणी होती.

१९९६ सालीं अमेरिकेंत पायलट नांवाचें खिशांत मावणारें यंत्र निघालें. तें फोन नव्हे. नांवें, पत्ते, भेटीच्या वेळा टिपून ठेवणारी ती एक विजेची रोजनिशी होती. परंतु पुढील सर्व जोडणीचा धडा तिनें घालून दिला. तें यंत्र संगणकास तारेनें जोडलेल्या बैठकीवर ठेवावयाचें आणि एक कळ दाबावयाची, कीं दोन्हीकडील टिपणें ताडून एकसारखीं होत. येथेंही संगणक हाच घरचा कर्ता, आणि खिशांतलें यंत्र म्हणजे बाहेरची खबर आणणारा कारकून, असाच प्रकार होता.

तारेचें बंधन तोडण्यासाठीं १९९८ सालीं एरिक्सन, नोकिया, इंटेल, आय.बी.एम. आणि तोशिबा ह्या पांच कंपन्या एकत्र आल्या. थोड्या अंतरावरील यंत्रांस परस्परांशीं बोलतां यावें, अशी एक रेडिओ-पद्धति त्यांनीं पुढें आणली. तिला दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्ल्यूटूथ ह्याचें नांव इंटेलमधील जिम कार्डाक ह्यांनीं सुचविलें. विखुरलेला मुलूख एका छत्राखालीं आणणारा म्हणून त्या राजाची ख्याति. फोन आणि संगणक हीं दोन राज्येंही तशींच एक व्हावींत, हा नांवामागील भाव. ब्ल्यूटूथचें चिन्हही त्या राजाच्या आद्याक्षरांचें, जुन्या रून-लिपींतील जोडाक्षरच आहे.

तथापि टिपणें ताडून पाहणें निराळें आणि घडोघडीं वर्दी देणें निराळें. फोनमधील प्रत्येक ॲपनें ‘कांहीं आलें आहे काय’ असें दूरच्या सर्व्हरला विचारीत बसावें, तर बॅटरी लवकर संपते. जून २००९ मध्यें ॲपल कंपनीनें सर्व ॲपसाठीं एकच वाट सतत उघडी ठेवण्याची व्यवस्था सुरू केली. चाळींतल्या प्रत्येक बिऱ्हाडकरूनें दिवसांतून दहा वेळां टपालकचेरींत हेलपाटा घालण्याऐवजीं एकाच पोस्टमननें दारीं येऊन ज्याचें त्यास हांक मारून द्यावें, तसें हें झालें. पुढें २०१३ सालीं अँड्रॉइडच्या ४.३ ह्या आवृत्तीनें, मालकाची परवानगी असल्यास, एका ॲपला इतर ॲपच्या वर्दी वाचण्याची मुभा दिली. फोनवरची वर्दी उचलून संगणकाकडे नेणाऱ्या निरोप्यास त्यामुळें वाट मोकळी झाली. त्याच वर्षीं आल्बर्त वाका ह्या तरुणानें केडीई कनेक्टचा पाया घातला. घरांतल्या घरांत, एकाच वाय-फायवरून, फोन आणि संगणक परस्परांशीं बोलूं लागले. २०१४ सालीं ॲपलनें आयफोनवरील संदेश मॅकवर आणले. मायक्रोसॉफ्टनें स्वतःच्या फोनांचा धंदा आवरल्यानंतर २०१८ सालीं ‘युवर फोन’ काढला. २०२२ सालीं त्यासच ‘फोन लिंक’ हें नांव मिळालें.

परंतु आपल्याकडे ही जोडणी घरोघरीं नेली ती व्हॉट्सॲपनें. २१ जानेवारी २०१५ रोजीं व्हॉट्सॲप वेब निघालें. संगणकाच्या पडद्यावरील ठिपक्यांची चौकोनी आकृति फोनच्या कॅमेऱ्यास दाखवितांच सर्व संभाषणें संगणकावर उघडूं लागलीं. ही क्यूआर आकृति १९९४ सालीं जपानांत मासाहिरो हारा ह्यांनीं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं तयार केली होती. कारखान्यांतल्या त्या खुणेनें आतां घराच्या किल्लीचें काम पत्करलें. येथें मात्र जुनी वांटणी उलटली. फोन धनी झाला आणि संगणक नुसता आरसा. फोनचें इंटरनेट तुटलें कीं आरसा कोरा. जुलै २०२१ मध्यें कंपनीनें नवी रचना जाहीर केली. फोनशिवाय आणखी चार यंत्रांस स्वतःची वेगळी किल्ली मिळाली, आणि प्रत्येकासाठीं संदेश निराळा कुलूपबंद होऊन येऊं लागला. धनी निजला तरी सोबती जागा राहूं लागला.

ह्या स्वातंत्र्यास दुसरी बाजू आहे. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, अशी आपली म्हण. फोन एकटा होता तोंवर, तो ज्याच्या खिशांत त्याचे संदेश, हा हिशेब सोपा होता. आतां उघडा फोन अर्धा मिनिट परक्या हातीं गेला, अथवा एखाद्या ठकाच्या गोड बोलण्यास भुलून कोणी नको ती आकृति टिपली, तर दूर कोठें तरी दुसरा आरसा उघडतो. ससा आपल्या खिशांत आणि पारध दुसऱ्याची! बँकेचा ओटीपीसुद्धां लघुसंदेशानेंच येतो. तोही परक्या पडद्यावर उमटला, तर ‘फोन ज्याच्या हातीं तोच खातेदार’ ह्या समजुतीवर उभारलेली कसोटी लुळी पडते.

फसवणुकीच्या ह्याच चिंतेनें भारत सरकारच्या दूरसंचार विभागानें २८ नोव्हेंबर २०२५ रोजीं संदेशसेवा चालविणाऱ्या कंपन्यांस आदेश दिला. ज्या सिमकार्डावर खातें उघडलें तें फोनमध्यें असल्याखेरीज सेवा चालूं नये, आणि संगणकावरील जोडणी फार तर सहा तासांनीं आपोआप तुटून आकृति पुन्हां टिपावी लागावी, असें त्यांत सांगितलें होतें. कचेरींत दिवसभर संगणकापुढें बसणाऱ्यास ही अडचणच. परंतु ज्यांच्या आयुष्याची पुंजी एका संदेशासरशीं गेली, त्यांस सहा तासही फार वाटतील. अभियंत्यांनीं २०२१ सालीं सैल सोडलेली दोरी राज्यसत्तेनें २०२५ सालीं पुन्हां ओढूं पाहिली, असा हा प्रसंग आहे.

सरकारनें कांहींही ठरविलें, तरी घरापुरता बंदोबस्त घरच्यांनींच ठेवावयाचा असतो. व्हॉट्सॲपमध्यें ‘लिंक्ड डिव्हायसेस’ अशी एक यादी असते. वाड्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, ह्याची चौकशी वडीलधारीं माणसें अधूनमधून करीत, तशी ती यादी महिन्यांतून एकदां पाहावी. तींत ओळखीचें नसलेलें यंत्र दिसलें, तर त्याची किल्ली तत्काळ काढून घ्यावी. त्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं.